दुसऱ्या बटणावरचा माणूस

"विकणारा खोटं बोलेल, कागद खोटं बोलतील, सीटला काही खोटं बोलता येत नाही," असं मास्तर एकदा म्हणाले होते.

ज्याला म्हणाले तो जुनी गाडी घ्यायला निघालेला एक गृहस्थ होता. विकणाऱ्याने त्याला पटवलं होतं की गाडी एका म्हाताऱ्या बाईंची, आठवड्यातून एकदा दवाखान्यापुरती बाहेर पडायची. मास्तरांनी चालकाचं दार उघडलं, सीटच्या बाहेरच्या कडेवरून तळहात फिरवला आणि तिथला चेपलेला फोम गृहस्थाच्या बोटांना दाखवला. "या बाई दिवसातून तीस वेळा चढल्या-उतरल्यात. वजन नव्वदच्या खाली नाही. आजारी दिसत नाहीत मला. घरोघर सिलिंडर पोचवत असतील." गृहस्थ हसत सुटला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, एका चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक लिहिला आणि खाली दोनच शब्द लिहिले: घेऊ नये.

एवढाच त्यांचा व्यवसाय. जुनी गाडी घेणारा माणूस त्यांना बरोबर न्यायचा. ते एक विजेरी, एक लोहचुंबक आणि गुडघ्याखाली घालायची जाड सतरंजी घेऊन यायचे, दोन तास गाडीच्या आत-खाली असायचे आणि शेवटी चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीवर 'घ्यावी' नाहीतर 'घेऊ नये'. मधलं काही नाही. "पण", "तरी", "विचार करून" असले शब्द त्यांच्या चिठ्ठीवर कुणी पाहिले नव्हते. गाड्यांचे दलाल त्यांना टरकून असत, आणि अडचणीत आले की त्यांनाच बोलावत.

मास्तर हे नाव त्याआधीचं. वीस वर्षं त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं, आणि त्यांची पद्धत गावभर माहीत होती: पहिले दोन दिवस किल्ली हातात द्यायची नाही. नुसतं बसवायचं. पाठ टेकव. हात समोर सोड. मनगट स्टिअरिंगच्या चाकाच्या माथ्यावर पडलं पाहिजे, बोटं नाही, मनगट. डोकं आणि मागची उशी यांच्यात एक मूठ मावली पाहिजे. बाहेरचा आरसा इतका खाली, की दाराचं हँडल आणि मागचं चाक, दोन्ही त्यात यायला हवं. बाकी कुणी आरसा इतका खाली करत नसे. लोक चेष्टा करायचे. "मास्तर गाडी कुठे शिकवतात? बसायला शिकवतात. शाळेत शिकायचं राहून गेलं असेल तर जा." पण त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं पुढे कुठल्याही गाडीत बसली तरी तशीच बसायची. सवय अंगात उतरायची आणि तिथेच राहायची.

त्यांचा मुलगाही त्यांच्याच हाताखाली शिकला. चांगला उंच, हाताचा हलका. बाविसाव्या वर्षी जिन्यावरून पडला आणि उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, तरी पाय पुरता वाकेना. तो सीट अगदी मागे ढकलायचा, पाय जवळजवळ सरळ ठेवायचा, आणि मग हात पोचावेत म्हणून चाक सगळंच्या सगळं छातीकडे ओढून घ्यायचा. एका कंपनीत साहेबांची गाडी चालवायची नोकरी त्याला मिळत होती. कंपनीला शिकवणाऱ्याची चिठ्ठी हवी होती. मास्तर शेजारी बसले, त्याला बारा वेळा अचानक ब्रेक मारायला लावला. आठ वेळा बरोबर पडला. चार वेळा श्वासाएवढा उशीर झाला.

"घरातलाच आहे तो," बायको म्हणाली. "लिहून टाका की."

"घरातला आहे म्हणूनच," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं: चालवण्यास योग्य नाही.

मुलाने चिठ्ठी दोनदा वाचली. "बरं झालं बाबा," तो म्हणाला, "निदान तोंडी नाही सांगितलंत." त्या आठवड्यात तो घर सोडून गेला. पोलिसांनी नोंद घेतली. सज्ञान आहे, येईल, म्हणाले. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मास्तरांनी शिकवणं बंद केलं. शेजारच्या सीटवर बसायचं त्यांना होईना, म्हणून ते गाडीखाली शिरले, असं त्यांची बायको सांगे.

दातांच्या एक डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे आल्या तो उन्हाळ्याचा शेवट होता. मोठ्या आवाजाच्या, आखूड केसांच्या. "मास्तर, वीस वर्षं उभ्याने लोकांचे जबडे उघडतेय. आता मला बसून पळायचंय." त्यांना वेगवान, उंची, चार दारांची गाडी हवी होती. नवी पाहिली, तिला सहा महिने थांबायचं होतं, आणि त्यांना थांबण्याचा तिटकारा. सहा वर्षं वापरलेली तशीच एक गाडी त्यांनी हेरली होती.

गाडी एका शोरूमच्या तळघरात होती. बाईंना दवाखाना सुटेना, म्हणून मास्तर एकटेच गेले. शोरूमवाल्याला सगळे चकाचक म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर तेच असायचं. वर काचा, खाली उताराने गेलं की लांब, बुटक्या छताचं तळघर. तिथे तीसेक गाड्या करड्या कापडाखाली उभ्या होत्या. कापडाखाली सगळ्या सारख्याच दिसतात. पांढऱ्या नळ्यांचा उजेड, रबराचा आणि साबणाचा वास. आपल्या पावलांचा आवाज तिथे पुढे जाऊन परत येतो, त्यामुळे कुणीतरी समोरून येतंय असं दर वेळी वाटतं आणि कुणी नसतं.

चकाचकने कापड ओढलं. ओल्या पाटीच्या रंगाची गाडी होती, पोट जमिनीला लागेल इतकी खाली बसलेली. मास्तर दीड तास तिच्याखाली होते. चांगली होती. चेसिस सरळ, रंग मूळचा, गिअर लोण्यासारखे. आतली बटणं तेवढी तपासायची राहिली. चालकाच्या दारावर एक, दोन आणि सेट अशी तीन बटणं होती. अशा गाडीला बसणाऱ्याची ठेवण लक्षात राहते. आपल्याला हवं तसं बसायचं, सेट दाबायचं, मग आकडा. पुढे कधीही तो आकडा दाबला की सीट, चाक, आरसे, उशी, सगळं आपोआप त्या माणसाच्या मापाला येतं.

त्यांनी एक दाबलं. सीट हलली आणि एका मध्यम, जाडसर माणसासाठी थांबली.

"ते मॅडमच्या मिस्टरांचं," चकाचक म्हणाला. "परवा येऊन बसून गेले ना, मीच भरून ठेवलं. गाडी ओळखते म्हटलं की गिऱ्हाईक खूश."

त्यांनी दोन दाबलं.

सीट मागे जायला लागली. बारीक घूं असा आवाज, झोपेतल्या माणसाने श्वास सोडावा तसा. ती मागे गेली, आणखी मागे गेली, अगदी टोकाला जाऊन थांबली. मग चाक पुढे आलं, सगळंच्या सगळं, समोर नसलेल्या छातीकडे. उशी वर चढली. शेवटी बाहेरचा आरसा डोळा मिटल्यासारखा हळूहळू खाली झुकला, आणि त्यात दाराचं हँडल आलं, आणि मागचं चाक आलं. मग सगळं थांबलं. रिकाम्या सीटभोवती गाडीने एक माणूस तयार केला होता. उंच माणूस. त्याचा एक पाय वाकत नव्हता.

मास्तरांचा हात दारावरच राहिला.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"दोनला मी हात लावला नाही. आधीच्यांचं असणार."

"आधीचे कोण?"

"कंपनीची गाडी होती. कंपनी बुडाली, गाड्या लिलावात आल्या."

"चालवायला कोण होतं?"

चकाचक हसला. "साहेब मागे, ड्रायव्हर पुढे. मागच्याचं नाव कागदावर असतं, मास्तर. पुढच्याचं कोण लिहून ठेवतो? का, काही लोचा आहे का?"

मास्तर आत बसले. त्यांचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. चाकाच्या माथ्यावर बोटंच पोचत होती, मनगट नाही. एखाद्याचा कोट घालून पाहावा तसं ते थोडा वेळ तिथे बसून राहिले. कोट अंगाला येत नव्हता. बाहेर येऊन त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, गाडीचा क्रमांक लिहिला आणि खाली लिहिलं: गिअरबॉक्स झटके देतो. घेऊ नये.

आयुष्यात त्यांनी लिहिलेला हा पहिला खोटा कागद. बाईंनी गाडी घेतली की त्या पहिल्या दिवशी स्वतःला बसवून घेणार, सेट दाबणार, आणि दोनवरचा माणूस जाणार. नऊ वर्षांत त्याची सापडलेली खूण एवढी एकच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा तळघरात गेले. वेगळ्या गाडीचं काम काढून गेले, पण विजेरी पेटवलीच नाही. ओल्या पाटीच्या रंगाच्या गाडीचं कापड त्यांनी निम्मं वर केलं, चालकाचं दार उघडून दोन दाबलं, दार लावलं आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. शिकवणाऱ्याच्या जागेवर. नऊ वर्षांनी.

चकाचकला वरच्या पडद्यावर हे दिसत होतं. प्रत्येक गाडीवर त्याचा कॅमेरा होता. त्याने नंतर सांगितलं ते असं: मास्तर शेजारच्या सीटवर सरळ बसले होते आणि रिकाम्या सीटकडे बघून बोलत होते. आवाज येत नव्हता. मधेच त्यांनी हात लांब करून, चाकाच्या माथ्यावर मनगट जिथे पडेल तिथे बोट ठेवलं. मग ते थांबले, कुणीतरी उत्तर देतंय आणि आपण ऐकतोय, असे. मान हलवली. पुन्हा बोलले.

गाडी बंद केली की ती गाडी चालवणाऱ्याला उतरायला जागा करून देते. चाक वर उचलते, सीट मागे सारते. मास्तरांना हे माहीत होतं, असली शंभर यंत्रं त्यांनी तपासली होती. तरी त्या दिवशी त्यांनी हात पुढे करून गाडी बंद केली आणि शेजारचं चाक आपोआप वर गेलं, तेव्हा त्यांनी घाईने पुन्हा गाडी चालू करायचं बटण दाबलं. चाक खाली आलं. त्यांनी बंद केली. चाक वर गेलं. असं किती वेळा केलं ते चकाचकने मोजलं नाही. त्याने पडदा दुसरीकडे वळवला. "दिवसाढवळ्या, मास्तर," तो नंतर म्हणाला, "माझ्या अंगावर काटा आला हो."

तिसऱ्या दिवशीही ते गेले. चौथ्या दिवशी चकाचक उतारावर उभा राहिला.

"मास्तर, रागावू नका. गाडी तुम्हाला पाहिजे असली तर सांगा, तुमच्यासाठी पडेल भावात. नको असली तर कापड टाकू द्या. गिअरला झटके आहेत म्हणालात, मी चार जणांना चालवायला दिली. एकाला झटका लागेल तर शपथ."

"उद्या बायकोला घेऊन येतो," मास्तर म्हणाले. "तिला एकदा दाखवू दे. मग टाक कापड."

बायकोला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ती आली, तळघरात थांबली आणि दंडावरून हात फिरवला. "केवढं गार आहे हो इथे. काय दाखवायचंय?"

"तू नुसतं बघ."

सीट मागे गेली. चाक पुढे आलं. उशी चढली. आरसा झुकला. ती बघत राहिली. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही, आणि मग कळलं, तसा तिने गाडीच्या टपाला हात लावून आधार घेतला.

"परत करा," ती म्हणाली.

त्यांनी पहिलं बटण दाबलं, मग दुसरं. तिने तिसऱ्यांदाही करायला लावलं. मग ती आत बसली. तिचे पाय अधांतरी राहिले, उशी तिच्या डोक्याच्या वीतभर वर राहिली. तिने डोळे मिटले आणि पट्टा नाकाशी नेला.

"साबणाचा वास येतोय नुसता," ती म्हणाली.

"धुतलीये गाडी."

वरच्या एका नळीचा उजेड फडफडला आणि पुन्हा नीट झाला. शेवटी डोळे न उघडता ती म्हणाली, "अहो, असं तर तुम्ही सगळ्यांनाच बसवायचात."

मास्तरांनी झुकलेल्या आरशाकडे बघितलं.

"हा आरसा. ही उशीपुढची मूठ. हजार तरी पोरं असतील की तुमची. त्यातला कुणी कंपनीत लागला नसेल?"

"आणि पाय?"

"उंच माणसं मागेच बसतात."

"चाक इतकं ओढून?"

तिने डोळे उघडले. चाकाकडे बघितलं, ते तिच्या छातीपासून इतकं लांब होतं, जणू तिच्या आणि चाकाच्या मधे अजून कुणी बसलेलं होतं. "असेल," ती म्हणाली. "नसेल. मला काय सांगता येतंय? मी आई आहे, मला खांबावरही त्याची उंची दिसते." मग ती खाली उतरली. "तुम्ही त्या दातांच्या बाईंना काय लिहून दिलंत?"

त्यांनी गठ्ठ्यातली प्रत दाखवली. तिने उजेडाकडे धरून वाचली.

"खरंय हे?"

"नाही."

"मग ऐका. हा तोच असेल, तर त्याला ती नोकरी लागली. तुम्ही नाही म्हणालात ती. साहेबाला मागे बसवून त्याने गाडी चालवली, आणि गाडीला एक ओरखडा नाही. म्हणजे तो कागद चुकला तुमचा. आणि हा तो नसेल, तर कुण्या परक्याच्या बसण्यापायी तुम्ही एका बाईला फसवलंत, म्हणजे हा कागद चुकला. कुठूनही धरा, लिहिणारे तुम्हीच." तिने प्रत त्यांच्या हातात ठेवली. "मी वर बसते. मला इथे थांबवत नाही. कुणीतरी उतरायचं थांबलंय असं वाटतं."

ती उतार चढून गेली. मास्तरांनी तिथूनच फोन लावला.

डॉक्टरीणबाई चार वाजता आल्या, पांढरा कोट हातावर टाकून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मास्तर, कीड नसताना मी कुणाचा दात उपटला तर लोक मला काय म्हणतील?"

"म्हणू नये ते म्हणतील."

"मग कारण?"

"कारण माझं होतं, बाई. गाडीचं काही नव्हतं. गाडी उत्तम आहे."

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. रोग्याला विचारत बसायचं नाही, तोंड उघडलं की दिसतंच, अशी त्यांच्या कामाची सवय. त्यांनी पुढे विचारलं नाही. मास्तरांनी नवी चिठ्ठी फाडली, क्रमांक घातला आणि 'घ्यावी' लिहिलं.

"आता शिक्षा," बाई म्हणाल्या. "चार दिवस घालवलेत माझे. तुम्ही शिकवायचात म्हणे. मला एकदा नीट बसवून द्या. मिस्टर म्हणतात मी चाकाला मिठी मारून बसते."

"एकदम चकाचक बसवतील मॅडम," चकाचक लांबूनच म्हणाला. त्याला जवळ यायचं नव्हतं.

बाई चालकाच्या जागेवर बसल्या आणि हसायला लागल्या. सीट अजून दोनवरच होती. "अगं बाई, हा कोण राक्षस चालवत होता? मी तर विहिरीत पडले."

मास्तर शेजारी बसले. बोटाने दाखवत गेले. सीट पुढे घ्या. आणखी. सीट घूं करत पुढे येत होती, एकेका बोटाने, आणि मास्तर दर वेळी नुसतं 'आणखी' म्हणत होते. पाय पेडलवर पुरा दाबून बघा. आता पाठ टेकवा. चाक मागे जाऊ द्या, हं, तिकडे. हात सोडा. मनगट. बोटं नाही, मनगट. उशी खाली घ्या, मूठ मावली पाहिजे. त्यांचा आवाज जुना, शिकवायचा, सपाट झाला होता. बाई शहाण्या मुलीसारख्या ऐकत होत्या.

"आरसा?" त्यांनी विचारलं.

"आरसा आहे तसा असू द्या," मास्तर म्हणाले. "बरोबर आहे."

"अय्या, चाकसुद्धा दिसतंय!" बाईंनी पाठ टेकवली, लांब श्वास घेतला. "काय छान वाटतंय हो. आता हे असंच राहायला हवं मला, रोज. ते बटण कुठलं? मला दाखवलंय शोरूमवाल्यांनी." त्यांनी दाराकडे हात नेला आणि सेट दाबलं. टिंग असा आवाज झाला आणि बटणाशेजारी एक तांबडा ठिपका पेटला. तो फार वेळ राहत नाही. तेवढ्यात आकडा दाबायचा असतो. बाईंचं बोट आकड्यांवर थांबलं.

"एकवर आमचे हे बसलेत," त्या म्हणाल्या. "दोन रिकामंच आहे ना, मास्तर?"

ठिपका जळत होता. मास्तरांनी समोरच्या काचेतून बघितलं. करड्या कापडाखाली गाड्या ओळीने उभ्या होत्या. मग त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं, सतरंजी काखेत घेतली, खाली उतरले आणि उतार चढून, वर काचेच्या दाराशी बसलेल्या बायकोच्या शेजारून, रिकामं आहे असंही न म्हणता आणि नाही असंही न म्हणता, बाहेर निघून गेले.